उलटा फिरणारा चेंडू

डेलबर्ट कुचेराला मोठ्या संघानं घेतलं ती बातमी घेऊन तो घरी आला, तेव्हा त्याची आई लिबी चुलीपाशी उभी राहून पिठाचे उंडे उकळत्या पाण्यात सोडत होती. शेजारच्या पातेल्यात कोबी शिजत होता. डेलनं बूट दारात काढले आणि सांगून टाकलं.

"चांगलं झालं," लिबी म्हणाली. "पण तू तिथं नेमकं करणार काय?"

तिनं आयुष्यभर अमेरिकन फुटबॉलचा हा खेळ बघितला होता. पण बघितला म्हणजे थर्मासमधून कॉफी ओतत, शेजारणीशी बोलत. डेलनं खुर्ची ओढली.

"हे बघ. बॉल आपल्याकडं असला की आपल्याला चार संधी. चार संधींत दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलं की पुन्हा नव्या चार."

"आणि नाही सरकलं तर?"

"तीन फुकट गेल्या की चौथीला मी आत जातो. आपला एक गडी पायांच्या मधून बॉल माझ्याकडं मागं फेकतो. मी तो हातातून खाली सोडतो आणि जमिनीला लागायच्या आत लाथेनं लांब उडवतो. त्याला पंट म्हणतात."

"लांब म्हणजे कुणाकडं?"

"समोरच्यांकडं."

लिबीचा झारा थांबला. "म्हणजे आपला बॉल त्यांना देऊन टाकायचा."

"चौथी संधी हुकली तर तो त्यांचाच होणार आहे, आई. तोही आपल्या दारात. त्यापेक्षा लांब त्यांच्या दारात नेऊन दिलेला बरा."

"आणि यासाठी ते तुला पगार देणार."

पेपराआडून डेलचे वडील एमिल म्हणाले, "जितका लांब देऊन टाकेल तितका जास्त."

लिबीनं उंडे उलटे केले, झाकण ठेवलं आणि म्हणाली, "जेवून जा."

हे १९८३ सालचं. डेल तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि त्याआधी तीन वेगवेगळ्या संघांनी त्याला बोलावून, आठ-पंधरा दिवस बघून परत पाठवलं होतं. मधल्या वर्षांत तो गॅसची टाकीगाडी चालवायचा. नेब्रास्काच्या त्या भागात शेतांवरची घरं एकमेकांपासून लांब, आणि थंडीच्या आधी प्रत्येक घराच्या मागची टाकी भरून द्यायची असे. गाडीत त्याच्या शेजारच्या सीटवर कायम एक चेंडू असायचा. गॅस भरायला वीस मिनिटं लागायची. तेवढ्यात तो गिऱ्हाइकाच्या कुरणात दहा-बारा लाथा मारून घ्यायचा. गाई आधी बिचकायच्या, मग बघत उभ्या राहायच्या.

त्याचं गाव न्यू क्लाडनो. धान्याची उंच कोठारं, चर्च, पोल्का नाचायचा हॉल आणि वारा. वारा तिथं कधी पडतच नाही. दुसऱ्या गावचे लोक वाऱ्याला कंटाळतात, डेलला तो लहानपणापासून बघायची गोष्ट वाटायचा. कोठारावरच्या धुळीची रेघ कुठल्या बाजूला जाते, खाली एक वारा आणि वर दुसरा असं कधी होतं, हे तो सांगू शकायचा. आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

अकराव्या वर्षी ट्रॅक्टरमागच्या गाड्याचा लोखंडी दांडा त्याच्या उजव्या पायावर पडला. अंगठा चेचला. तीन महिने प्लास्टर. पळता येईना, तर शाळेत पोरांनी त्याला मैदानाच्या कडेला उभं केलं आणि बाहेर आलेला चेंडू परत आत मारायचं काम दिलं. उजवा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून तो त्यावर टेकून डाव्यानं मारायचा. प्लास्टर निघालं, पण उजवा अंगठा पुढं कधी नीट वाकला नाही, आणि डाव्या पायाला मात्र काम येऊन गेलं होतं. तेव्हापासून तो डावखुरा झाला, फक्त पायापुरता. लिहायचा उजव्या हातानंच.

शाळेत सुतारकाम शिकवणारे मर्ल ऑस्टरगार्ड हेच खेळाचे कोच होते. रंधा मारताना ते जसे बोलत तसेच मैदानावर बोलत, हळू आणि लाकडाकडं बघत.

"तू लाथ मारतोयस," ते एकदा डेलला म्हणाले.

"मग काय करू, सर?"

"बॉल सोड. नीट सोडलास तर पाय तिथं येतोच. सगळ्यांना वाटतं काम पायाचं आहे. काम हाताचं आहे."

डेलनं ते इतकं मनावर घेतलं की त्या हिवाळ्यात तो रोज खोलीत उभा राहून चेंडू नुसता खाली सोडत बसला. सपाट सोडला तर तो लांबट चेंडू गालिच्यावरून सरळ वर उडतो, नाक, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, जरा खाली गेलं तर पुढं पळतो, जरा आत वळलं तर पलंगाखाली जातो. असं का, हे त्याला कुणी सांगू शकेना. ऑस्टरगार्डही म्हणाले, "मला माहीत नाही. तुला कळलं तर मला सांग."

हा डेलचा स्वभाव. त्याला लांब मारण्यापेक्षा का लांब गेला हे कळण्यात जास्त रस. त्याची बायको जोलीन लग्नाआधी त्याच्याबरोबर नाचायला जायची, तेव्हाही हा मधेच थांबून विचारायचा की गिरकी घेताना तिचा घागरा नेहमी उशिरा का थांबतो.

तर असा तो सरोवराकाठच्या त्या मोठ्या शहरात गेला. तिथं पहिल्याच वर्षी एक गंमत झाली. त्यानं उडवलेला चेंडू समोरच्या संघाचा जो गडी झेलायला उभा असतो, त्याच्या हातून निसटू लागला. एकदा झालं, दोनदा झालं. सोळा सामन्यांत सात वेळा झालं. निसटलेल्या चेंडूवर डेलच्या संघानं उडी मारली की देऊन टाकलेला चेंडू परत आपलाच.

पंटचा सराव घेणारे कोच गस पार्मली म्हातारे होते, टोपी डोळ्यांवर ओढून बसायचे. ते म्हणाले, "नशीब आहे. बोलू नकोस त्याबद्दल, जाईल."

पण डेलला सात हा आकडा चैन पडू देईना. त्यानं आपल्याच संघातला झेलणारा गाठला. लमार फेअरली त्याचं नाव, लुइझियानाचा. सरावात डेलचे चेंडू त्यालाच झेलावे लागायचे आणि त्याच्याही हातून ते पडायचे.

"लमार, एक विचारू? माझाच बॉल का सुटतो तुझ्या हातून?"

लमार मोज्यांतून पाय बाहेर काढत होता. "कारण तुझा बॉल खोटं बोलतो."

"म्हणजे?"

"म्हणजे सांगतो एक, जातो दुसरीकडं. बाकी सगळ्यांचा बॉल शेवटी शेवटी एका अंगाला झुकतो. माझे पाय आधीच तिकडं निघालेले असतात, मी विचारसुद्धा करत नाही. आणि तुझा दळभद्री बॉल नेमका उलट्या अंगाला जातो. मी तुला मैदानावर काय काय म्हणतो ते ऐकू येत नाही वाटतं तुला?"

"वारा असतो रे."

"माझी आजी असते वाऱ्यावर. उद्या ये लवकर."

दुसऱ्या दिवशी डेल पांढऱ्या बुटांना लावायचं पॉलिश घेऊन आला. चेंडूच्या पोटाभोवती त्यानं पांढरा पट्टा ओढला आणि एका टोकाला ठिपका दिला. मग चाळीस यार्डांवर लमारला उभं केलं आणि मारत राहिला. लमार झेलायच्या ऐवजी नुसतं वर बघून ओरडून सांगायचा, ठिपका कुठून कुठं फिरतोय. मग त्यांनी संघातला दुसरा एक जण, जो गोलाकडं मारायचा आणि उजव्या पायाचा होता, त्यालाही तोच चेंडू मारायला लावला. अर्ध्या तासात स्पष्ट झालं. उजव्या पायाचा चेंडू एका दिशेला गिरकी घेत होता, डेलचा दुसऱ्या. देशभर झेलणारे लोक लहानपणापासून उजव्या पायाचे चेंडू झेलत मोठे झालेले. डाव्या पायाचा पंटर त्यांना वर्षातून एकदा भेटला तर भेटला.

"बस, एवढंच?" डेल म्हणाला. त्याला थोडी निराशाच झाली. एखाद्या कुलपाची चावी दारातच लटकलेली सापडावी तसं.

"एवढंच," लमार म्हणाला. "आता गप्प बस आणि कुणाला सांगू नकोस."

त्यानं कुणाला सांगितलं नाही, फक्त ऑस्टरगार्डना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, त्यात एकच ओळ होती. "बरोबर वाटतंय, पण नाक आत वळल्यावर काय होतं ते अजून राहिलं."

पंटरचं काम विचित्र असतं. तीन तासांच्या खेळात तो पाच-सहा वेळा आत जातो, प्रत्येक वेळी दोन-अडीच सेकंद. उरलेला वेळ कडेला उभं राहून पाय गरम ठेवायचे आणि गवत उडवून वारा बघायचा. सरोवराकडून येणारी थंडी अशी की बोटं कामातून जायची, म्हणून डेल कोटाच्या खिशात गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या ठेवायचा. आणि तो आत येतो तो नेहमी आपल्या लोकांचं चुकल्यावरच. तो मैदानात पळत येताना घरचे प्रेक्षक त्याला बघून हुश्श करत नाहीत, सुस्कारा टाकतात. डेलला त्याचं काही वाटत नसे. जोलीनला मात्र पहिली दोन वर्षं जड गेली. ती लेकीला मांडीवर घेऊन वरच्या रांगेत बसायची. तिसरी संधी फुकट गेली की आजूबाजूचे लोक डोक्याला हात लावायचे आणि जोलीन ताठ उठून बसायची. पुढच्या रांगेत एक टोपीवाली म्हातारी असायची, मिसेस गॅल्विन. तिनं हे बरेच दिवस पाहिलं.

"बाई गं," ती एकदा वळून म्हणाली, "आमचं वाटोळं झालं की तुझ्या चेहऱ्यावर उजेड कसा पडतो? तू त्यांच्याकडची आहेस का?"

"माझा नवरा येतो ना आता," जोलीन म्हणाली.

म्हातारीनं मैदानात पळत येणाऱ्या हडकुळ्या डेलकडं पाहिलं, मग जोलीनकडं. "अच्छा. मग बघू दे मला पण नीट," म्हणाली आणि पिशवीतून दुर्बीण काढली. तेव्हापासून त्या दोघी डेलच्या पंटला बरोबरच उठून बसायच्या.

नऊ वर्षं तो त्या संघात राहिला. वर्तमानपत्रात त्याचं नाव फारसं आलं नाही. जेव्हा आलं तेव्हा एकदा कुशेरा छापलं आणि एकदा कुचरा. चेंडू हातून सुटण्याचं प्रमाण मात्र हळूहळू कमी होत गेलं. लोक काही मूर्ख नसतात. समोरचे संघ डेलच्या सामन्याच्या आठवड्यात कुठून तरी डावखुरा लाथ मारणारा पकडून आणायचे आणि आपल्या गड्याला सराव द्यायचे. आठव्या वर्षी डेलचा उजवा गुडघा सुजू लागला. लाथ डाव्यानं मारायची, पण सगळा भार ज्यावर पेलायचा तो पाय उजवा. सोमवारी त्याला जिना उतरताना कठड्याला धरावं लागायचं.

दहाव्या वर्षीच्या उन्हाळी शिबिरात संघानं एक नवा पोरगा आणला. कोरी लिंडब्लाड, मिनेसोटाचा, बावीस वर्षांचा, लांब तंगड्यांचा आणि डाव्या पायाचा. जागा एक, माणसं दोन. हे सांगायची कुणाला गरज नव्हती.

कोरी पहिल्याच दिवशी जेवणाच्या टेबलाशी ताट घेऊन आला. "इथं बसू का?"

"बस की. जागा माझ्या नावावर नाही."

"मी शाळेत असताना तुमचे पंट टेप करून ठेवायचो. माझ्या बाबांना वाटायचं मला वेड लागलंय. मॅच सोडून नुसते पंट."

डेलनं चमचा खाली ठेवला. आजवर त्याचे पंट कुणी जपून ठेवल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं. "कुठला चांगला वाटला?" त्यानं विचारलं, आणि कोरीनं खरोखरच तारखेसकट सांगितला.

पोराच्या पायात ताकद होती. डेलपेक्षा सहा-सात यार्ड सहज जास्त. पण दर पाच-सहा लाथांमागं एक चेंडू त्याच्या पायावरून आडवा सुटायचा, हवेत हेलपाटत जायचा आणि जवळच पडायचा. पार्मली टोपी आणखी खाली ओढायचे आणि कागदावर काही तरी लिहायचे. कोरी संध्याकाळी एकटा मैदानावर राहून मारत राहायचा. जितकं जास्त मारायचा तितकं जास्त चुकायचं.

तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "डेल, तुम्हाला काही दिसतंय का? माझा पाय चुकतोय का?"

"पाय बरा आहे तुझा," डेल म्हणाला आणि पाण्याची बाटली उचलून निघून गेला.

त्याला दिसत होतं. पहिल्याच दिवशी दिसलं होतं. घाई झाली की कोरीचं मधल्या बोटाशेजारचं बोट चेंडूच्या शिवणीवर जरा जास्त रेंगाळायचं. बाकीची बोटं सुटायची, ते एक सुटायचं नाही, आणि चेंडूचं नाक केसभर आत वळायचं. निदान डेलचा तसा अंदाज होता.

त्या आठवड्यात तो जोलीनशी फोनवर बोलला. ती लेकीला घेऊन न्यू क्लाडनोला गेली होती.

"कसा आहे तो पोरगा?"

"चांगला आहे. एक दोष आहे. बहुतेक मला कळलाय."

"सांगितलास?"

"नाही."

पलीकडं जोलीननं लेकीला खेळायला बाहेर पाठवलं. मग म्हणाली, "बरं केलंस. आपल्याला घराचे हप्ते आहेत आणि तुझा गुडघा कसा आहे?" ती हे दोन्ही एका दमात म्हणाली.

सहा दिवस डेल गप्प राहिला. सातव्या दिवशी सकाळी कोरीचा तिसरा चेंडू आडवा गेला, चौथा गेला, आणि डेलच्यानं राहवेना. पुढं अनेकांनी त्याला विचारलं की तू असं का केलंस, दया आली का, चांगुलपणा होता का. तो खरं सांगायचा, आणि लोकांना ते खरं वाटायचं नाही. त्याला दया वगैरे आली नव्हती. आपला अंदाज बरोबर आहे की नाही, हे बघितल्याशिवाय त्याला झोप लागत नव्हती.

"ए, इकडं ये," तो म्हणाला. "हात दाखव. हे बोट. हे शेवटी सुटतंय तुझं. ते आधीच उचलून धर. चार बोटांनी धर बॉल."

"पडेल की."

"पडू दे. मार."

कोरीनं मारला. चेंडू नाक वर करून गेला, माथ्यावर पोचला, वळला आणि नाक खाली घालून साठ यार्डांवर उतरला. दुसरा तसाच. एकूण अकरा तसेच गेले. मधे एकदा त्यानं बोट भलतंच वाकडं धरलं तर चेंडू काहीतरी विचित्रच वळला, त्यावर दोघं हसले आणि पुढं गेले.

डेल कमरेवर हात ठेवून बघत होता. अंदाज बरोबर होता. त्याला इतकं बरं वाटलं की दुपारपर्यंत त्याच्या लक्षातच आलं नाही, आपण काय करून बसलोय.

तेवीस ऑगस्टला पार्मलींनी त्याला खोलीत बोलावलं. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. नऊ वर्षांत डेलनं त्यांचं डोकं पहिल्यांदा पाहिलं.

"तूच शिकवलंस ना त्याला?"

"बोट तेवढं सांगितलं."

"गाढव आहेस," पार्मली म्हणाले. मग हात पुढं केला आणि बराच वेळ सोडला नाही.

जागा कोरीला मिळाली, आणि डेल न्यू क्लाडनोला घरी आला. जोलीननं भांडण केलं नाही. पण दोन दिवस ती कपाटं पुसत राहिली, स्वच्छ असलेली सुद्धा. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "टाकीगाडीवाल्यांना फोन केलास का?" त्यानं केला होता. ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. गुरुवारी ती पोरांसाठी घेवड्याची तिखट उसळ आणि दालचिनीचे गोड पाव करायची, आणि उरलेले पाव डेल गाडीत खायचा.

धान्याच्या दुकानात बसणारे लोक विचारायचे, "काय डेल, आता आमच्या टाक्या देऊन टाकतोस का समोरच्यांना?" तो हसायचा. तिथल्या चेष्टेत कधी वाईटपणा नव्हता.

नोव्हेंबरात एक फोन आला. आवाज अनोळखी होता. दक्षिणेकडच्या एका संघाचा कोच बोलत होता. येत्या रविवारी त्यांचा सामना डेलच्या जुन्या संघाशी होता, म्हणजे कोरीशी. त्यांच्या झेलणाऱ्या गड्यानं डाव्या पायाचा पंट आयुष्यात झेलला नव्हता. डेल चार दिवस येईल का, नुसत्या लाथा मारायला?

डेलनं फोनवर हात ठेवला आणि जोलीनला सांगितलं.

"म्हणजे तुझ्याच पोराला हरवायचं, तुझ्याच जुन्या लोकांना," ती म्हणाली.

"माझा कुठला पोरगा?"

"जायचंय तुला. चेहऱ्यावर दिसतंय."

"चार दिवसांत डोळा शिकवता येतो का, ते बघायचंय गं."

"मग जा. परतताना लेकीसाठी संत्री आण."

झेलणाऱ्याचं नाव आयझॅक ब्रूसार्ड. तेवीस वर्षांचा, वाऱ्यासारखा पळणारा, आणि ते स्वतःला पुरेपूर माहीत असलेला. त्यानं डेलच्या सुजलेल्या गुडघ्याकडं पाहिलं.

"काका, तुम्ही मारणार? की मी तिकडं येऊन घेऊन जाऊ?"

डेलनं मारला. आयझॅक दोन पावलं डावीकडं गेला, चेंडू त्याच्या उजव्या खांद्याला लागून पडला. दुसरा छातीवर आदळला. सहाव्यानंतर आयझॅकनं हसणं सोडलं.

"काय करताय तुम्ही त्याला?"

"काही नाही. तो तसाच आहे. तू त्याच्या पोटाकडं बघतोस. नाकाकडं बघ. माथ्यावर आला की नाक कुठं कलतं ते बघ, आणि तोवर पाय हलवू नकोस."

"पाय न हलवता? माझे पाय ऐकत नाहीत."

"ऐकतील. आपल्याकडं चार दिवस आहेत."

पुन्हा पांढरं पॉलिश आलं, पट्टा आला. पहिल्या दिवशी आयझॅकनं तिसांतले अकरा झेलले, चौथ्या दिवशी तिसांतले एकोणतीस. शेवटी तो पळत आला आणि म्हणाला, "काका, आता मला वाटतं उजव्या पायाचेच बॉल चुकीचे आहेत." डेलला त्या वाक्याची फार मौज वाटली. गाडीच्या वाटेवर तो ते परत परत म्हणत होता.

संघानं त्याला सामन्याचं तिकीट देऊ केलं होतं. त्यानं घेतलं नाही. तिथं बसून कुणासाठी टाळ्या वाजवायच्या, हे त्याचं ठरत नव्हतं. रविवारी तो गावातल्या पोल्काच्या हॉलमध्ये मोठ्या टीव्हीसमोर बसला. एमिल होते, जोलीन होती, धान्याच्या दुकानातली मंडळी होती. डुकराचं मांस भाजलेलं होतं.

कोरीचा पहिला पंट गेला आणि आयझॅकनं तो अलगद घेतला. दुसरा घेतला. तिसरा घेऊन तो तीस यार्ड पळत सुटला. हॉलमध्ये कुणी तरी म्हणालं, "शाबास डेल." डेल मान खाली घालून बसला होता. त्याला कोरीच्या खांद्यांकडं बघवेना. पोरगा मैदानाबाहेर जाताना खांदे आवळून जात होता आणि टीव्हीवाला म्हणत होता की जुन्या संघाला कुचेराची आठवण येत असेल. त्यानं नाव बरोबर उच्चारलं, तेही आजच.

"तुला वाईट वाटतंय," जोलीन हळूच म्हणाली.

"दोन्ही वाटतंय. आयझॅकचं चांगलं वाटतंय."

चौथा पंटही आयझॅकनं झेलला. शेवटच्या दहा मिनिटांत कोरी पाचव्यांदा आत आला. चेंडू मागं आला, त्यानं हात पुढं केला, आणि डेल खुर्चीत सरळ झाला. हात वेगळा होता. किती वेगळा ते त्या पडद्यावर सांगता आलं नसतं, पण वेगळा. चेंडू वर गेला. माथ्यावर त्याचं नाक खाली वळायला हवं होतं. वळलं नाही. ते वरच राहिलं, जरासं कललं, आणि चेंडू आयझॅकनं पावलं टाकली त्याच्या उलट बाजूला, सरळ दगडासारखा खाली आला. आयझॅकचे हात एका जागी, चेंडू दुसऱ्या. पडला, उडाला, आणि कोरीच्या लोकांनी त्यावर झडप घातली.

हॉलमध्ये काही जण ओरडले, काही कण्हले. डेल उभा राहिला होता.

"हे कसं केलं त्यानं?" तो म्हणाला.

"काय कसं केलं?" एमिलनी विचारलं. "मारला, त्याच्या हातून सुटला."

"नाही बाबा. तो बॉल डाव्या पायाचा नव्हता. मारला डाव्यानंच, पण गेला कुणाचाच नसल्यासारखा." त्यानं इकडंतिकडं बघितलं, जणू कुणी तरी तिथंच उत्तर देईल. जोलीननं त्याला हाताला धरून खाली बसवलं. सामना कोण जिंकलं ते त्याला नंतर विचारावं लागलं. कोरीचा संघ तीन गुणांनी जिंकला होता.

सोमवारी त्यानं फोन केला. कोरीनं आवाज ओळखला.

"त्याला तुम्हीच तयार केलंत ना? चार दिवस. पार्मलींनी सांगितलं मला."

"हो, मीच. राग आलाय का?"

"आला होता. तिसऱ्या पंटला फार आला."

"येऊ दे. पण पाचवा कसा मारलास ते आधी सांग, मग राग काढ."

कोरी फोनवर हसला, मनाविरुद्ध. "आठवतं, तुम्ही बोट उचलायला सांगितलंत त्या सकाळी? मधे एकदा मी ते वाकडं धरलं आणि बॉल भलताच गेला. आपण हसलो. मी ते घरी जाऊन परत करून बघितलं. तीन महिने करतोय. दहातला एक जमायचा. काल म्हटलं, त्या माणसाला माझे बाकी सगळे बॉल पाठ आहेत, आता हाच उरलाय."

"आणि मी हसून पुढं गेलो," डेल म्हणाला.

"तुम्हाला माझे अकरा सरळ बघायचे होते."

ते खरं होतं, आणि डेलला ते बराच काळ टोचत राहिलं. नोकरी गेल्यापेक्षाही जास्त. उत्तर डोळ्यांसमोरून गेलं होतं आणि आपण भलत्याच प्रश्नाकडं बघत बसलो होतो.

त्या हिवाळ्यात, गुडघ्याला पट्टी बांधून, तो चर्चमागच्या कुरणात बोट वाकडं धरून लाथा मारत होता. एमिल पिकअपमध्ये हीटर लावून बसायचे आणि काच खाली करून सांगायचे, "वळलं," किंवा "नाही वळलं." चौथ्या आठवड्यात एक चेंडू तसा गेला. मग तीन दिवस एकही नाही. मग दोन. डॉक्टरनं गुडघ्याबद्दल जे सांगितलं ते त्यानं जोलीनला एका वाक्यात सांगितलं आणि बाकीचं सांगितलं नाही. पण फेब्रुवारीत त्यानं स्वतःच बूट गुंडाळून ठेवले. परत कुठल्या संघाकडं गेला नाही. दोन वर्षांनी शेजारच्या जिल्ह्यातल्या लहान कॉलेजानं त्याला लाथ मारणाऱ्यांचा कोच म्हणून घेतलं आणि तिथं तो निवृत्त होईपर्यंत टिकला. विद्यार्थी म्हणायचे की कुचेरा सर चूक झाल्यावर रागवत नाहीत, ते खूश होऊन जवळ येतात आणि परत तीच चूक करायला सांगतात.

कोरी चौदा वर्षं खेळला. उन्हाळ्यात तो कधी कधी न्यू क्लाडनोला यायचा, लिबीच्या हातचे खसखशीचे गोड पाव खायचा आणि दोघं कुरणात उभे राहून वाद घालायचे की नाक वर का राहतं. कोरीचं म्हणणं गिरकी मंदावते म्हणून. डेलचं म्हणणं गिरकी असतेच, पण आडवी. शेवटी त्यांनी विद्यापीठातल्या एका पदार्थविज्ञानाच्या बाईंना पत्र पाठवलं, सोबत चेंडूच्या चार आकृत्या काढून. बाईंनी तीन पानांचं उत्तर धाडलं. डेलनं ते कॉफी पिता पिता दोनदा वाचलं, जोलीनला एक परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काय म्हणतात बाई?" जोलीननं विचारलं.

"म्हणतात, दोघांचंही थोडं बरोबर आहे. आणि एक गोष्ट त्यांनाही कळलेली नाही, तुम्हाला काही दिसलं तर कळवा म्हणून लिहिलंय." तो उठला आणि खिडकीतून कोठारावरच्या धुळीकडं बघू लागला. "वारा आज वायव्येचा आहे. कोरी कधी येणार म्हणालीस?"

"शुक्रवारी."

"मग तोवर दुसरं पान नीट वाचून ठेवतो," डेल म्हणाला आणि पेन्सिल शोधायला गेला.